पुराच्या उसाचा गूळ

“चिमणे, ह्यो गूळ च्याला वापर. पोरांना भाकरीवर दे. पर साठवणीत मातूर घालू नगंस. पुराच्या उसाचा हाय, पाझरंल.”

केरबाअण्णाचा हा आवाज चिमणाबाईच्या कानात असा बसला होता, की चुलीवर गुळाचा पाक चढला आणि त्याला पहिला फेस आला, की तो आपसूक ऐकू यायचा. अण्णा तिचा थोरला भाऊ. गडहिंग्लजच्या पलीकडं त्याची ऊसशेती. दर साली गुऱ्हाळ उठलं की मालाच्या लॉरीत बसून तो शाहूपुरीत बहिणीच्या दारात उतरायचा. खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेली ढेप, पटक्याला धुराचा न् रसाचा वास. “हे घे, तुझं माहेर आलं,” म्हणायचा आणि ढेप उंबऱ्याच्या आत टेकवायचा.

त्या साली मात्र ढेप टेकवताना त्यानं आवाज खाली घेतला होता. आषाढात ओढ्याचं पाणी उसात शिरलं, ते हटता हटलं नव्हतं. तसल्या उसाच्या रसाला कस नसतो. गूळ दिसायला पिवळाधमक, पण हवेतला ओलावा ओढून घेतो, घाम फुटल्यागत पाझरतो. त्यात फळ मुरवलं तर ते मुरायच्या ऐवजी आंबून बसतं.

“रिकाम्या हातानं बहिणीच्या दारात कसं यायचं, म्हून आणला,” अण्णा म्हणाला होता. “च्याला चालतोय. पुढच्या साली बघ कसला आणतो ते.”

चिमणाबाईनं मान हलवली होती. मान हलवायला काय लागतं?

संस्थान मुंबई राज्यात गेलं, त्या सालचा तो चैत्र. वैशाखात चिमणाबाईच्या नणंदेचं, शालूचं लग्न धरलं होतं आणि घरात रुखवताची घाई उडाली होती. कुरडया, सांडगे, करंज्या, सुपारीच्या बाहुल्या, आणि सगळ्यांच्या मधोमध मानाची म्हणून चिनी मातीची मोठी बरणी, कैरीच्या गुळांब्याची. सासूबाई धोंडुबाई, ज्यांना दोन्ही सुना आत्याबाई म्हणत, गुळांब्याशिवाय दुसरं काही मानायच्या नाहीत. कोल्हापुरात राहून साखरेचा मुरांबा घालायचा, म्हणजे विहिरीच्या काठावर बसून तहानेनं मरायचं, असं त्यांचं म्हणणं.

कैऱ्या सोलायला गल्लीतल्या बाया जमल्या होत्या. शेजारची झुंबरबाई विळीवर बसली होती. तिनं सहज विचारलं, “गूळ बाजारातनं आणला का हो?”

“बाजारातनं?” आत्याबाईंनी हातातली कैरी खाली ठेवली. “माझ्या शालीच्या रुखवतात बाजारचा गूळ? आमच्या थोरलीच्या माहेरचा हाय. तसला गूळ अख्ख्या शाहूपुरीत कुणाकडं असंल तर दावा.”

सासरी येऊन चिमणाबाईला बरीच वर्षं झाली होती. दोन मुलगे पदरात होते. एवढ्या काळात माहेरच्या नावानं टोमणे खूप ऐकले होते. लुगडं हलकं, पाटल्या पोकळ, भाऊ बोलायला रांगडा. चारचौघींत माहेराचं चांगलं नाव निघालं, ते त्या दिवशी पहिल्यांदा. तिच्या छातीत काहीतरी असं भरून आलं, की अण्णाचे शब्द गळ्यापर्यंत आले आणि तिथंच थांबले. चिमणाबाई गल्लीतली ओव्या रचणारी. जात्यावर बसली की ओवी तिला शोधत यायची. त्या दिवशी विळीवर बसल्या बसल्याच ती गायली,

माझ्या गं माहेराचा गूळ सोन्याच्या रंगाचा
भाऊ उभा गं दारात, घाम पुसतो अंगाचा

बाया हसल्या. आत्याबाईसुद्धा हसल्या. मग तिनं स्वतःच्या हातानं ती ढेप फोडली. एक खडा जिभेवर ठेवला. गोडाच्या मागून खारटपणा आला, बारीक, पायात मोडलेल्या काट्याच्या टोकाएवढा. पाक जरा जास्त आटवू, मग काही होत नाही, असं तिनं मनाला सांगितलं. आणि आटवलाही तिनं, हात भरून येईपर्यंत.

गुळांबा निवला. बरणी उन्हात तापवून, निखाऱ्यावर हिंग टाकून त्या धुरावर पालथी धरून झाली. आता त्या घरची रीत अशी होती, की नवी सून आली की पहिल्या साठवणीला पहिला डाव तिनं भरायचा. म्हणजे घरातलं साठवलेलं तिच्या हाताला ओळखतं. नवी सून म्हणजे सरोजिनी, चिमणाबाईची धाकटी जाऊ. सांगलीची, माघात लग्न होऊन आलेली, सातवी शिकलेली. घरात सगळी तिला सरू म्हणायची. सरूनं डोक्यावर पदर घेतला, डाव भरला, एक थेंब बाहेर न सांडता बरणीत सोडला आणि लहान पोरीसारखं वळून चिमणाबाईकडं बघितलं.

“बरोबर झालं का, आक्का?”

“बरोबर झालं की,” चिमणाबाई म्हणाली होती.

लग्नाच्या मांडवात रुखवत मांडलं तेव्हाच बरणीच्या तोंडाला बांधलेलं फडकं फुगलेलं होतं, पण गडबडीत ते कोण बघतंय? वरमाईच्या बहिणीनं कौतुकानं दोरा सोडला. भस्सकन फेस वर आला. बरणीवरून, विणलेल्या टेबलपोसावरून, सुपारीच्या नवरानवरीच्या अंगावरून खाली ओघळला. आंबूस वास मांडवभर झाला.

“व्याहीणबाई,” ती बाई नाकाला पदर लावून म्हणाली, “सरकार दारूबंदी आणतंय म्हणत्यात, आन् तुमी घरातच गाळाया लागलाय व्हय?”

सगळा मांडव हसला. शालू मुंडावळ्यांखाली रडायला लागली. आणि आत्याबाईंनी, हसण्याचा तो आवाज विरायच्या आत, मागं वळून विचारलं,

“पयला डाव कुणाचा हुता?”

बायकांच्या माना वळल्या. सरू खांबाला टेकून उभी होती. तिनं आपल्या दोन्ही हातांकडं बघितलं, जसं काही ते दुसऱ्या कुणाचे असावेत, आणि सावकाश पदराखाली घेतले.

चिमणाबाई तिथंच होती, हातात हळदीकुंकवाचं ताट धरून. ताट खाली ठेवायला जागा नव्हती, एवढंच तिला त्या वेळेचं पुढं आठवायचं.

सरूला घरात कुणी मारलं नाही की टाकून बोललं नाही. आत्याबाई फक्त म्हणाल्या, “एकेकीच्या हाताला गुण नसतोय. तिचा काय दोष? लांब ऱ्हायचं, झालं.” आणि सरू लांब राहायला लागली. कैऱ्या ती सोलायची, बरण्या घासून उन्हात मांडायची, चुलीला जाळ घालायची. पण बरणी भरायची वेळ आली की न सांगता भिंतीकडं सरकायची, हात पदराखाली. पुढं पुढं ती दुधाला विरजणसुद्धा लावेना. संध्याकाळी दुधाचं भांडं घेऊन झुंबरबाईच्या दारात जायची.

“तू आता मला दह्याचा पगार चालू कर,” झुंबरबाई चेष्टा करायची. सरूही हसायची. त्या हसण्याचा चिमणाबाईला ताप यायचा.

सांगावं असं तिच्या मनात यायचं. रोज यायचं. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? माझ्या माहेरानं तुमच्या लेकीच्या लग्नाला नासका गूळ दिला? आत्याबाई पुढचं कशाला ऐकतील? अण्णानं बजावलं होतं हे कोण लक्षात ठेवील? तो पुन्हा ढेप घेऊन दारात आला तर त्याला पाणी तरी कुणी विचारील का? असं ती मनाशी बोलायची, आणि त्यातलं अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं तिचं तिलाच ठाऊक होतं. पुढच्या साली अण्णा आला, सरूनंच त्याला जेवायला वाढलं. हात धुताना तो हळूच म्हणाला, “मागच्या सालचा त्यो गूळ च्यालाच वापरलास न्हवं?”

“व्हय,” चिमणाबाई म्हणाली.

जात्यावर मग तिला वेगळीच ओवी सुचायला लागली. ती तिनं कधी मोठ्यानं म्हटली नाही. पीठ पडायचं आणि ओवी आत फिरत राहायची,

पोटात ठेविली गोष्ट, वरून दिलं झाकण
वरती हळदीकुंकू, आतमंदी आंबवण

सरूला पहिला मुलगा झाला, तो काही आठवड्यांतच तापानं गेला. घर सुन्न झालं. आत्याबाईंनी तेव्हा सरूला कुशीत घेतलं, शब्दानं दुखवलं नाही. पण नळावर कुणाशीतरी बोलताना झुंबरबाई म्हणून गेली, “एकेकीच्या हातचं काय बी टिकत न्हाय, बाई.” सरू मागंच नळाखाली कळशी लावून उभी होती. कळशी भरून वाहायला लागली तरी तिनं नळ बंद केला नाही. चिमणाबाईनं पुढं होऊन तो बंद केला.

आणि आता, इतक्या वर्षांनी, सरूला मुलगी झाली होती. बाळंतपण सांगलीला होऊन चैत्राच्या सुरुवातीला ती परत आली. पोरगी गोल, टपोऱ्या डोळ्यांची, रडायला खणखणीत. पण सरू तिला पाजण्यापुरतीच घ्यायची. अंघोळ चिमणाबाईनं घालायची, काजळ तिनंच घालायचं, गुटी तिनंच उगाळायची.

“सांगलीची राणी,” आत्याबाई म्हणायच्या, “लेकराला हात लावाया बी दासी पायजे.”

चिमणाबाईला ते काम वाटायचं नाही. दोन मुलांवर तिला मुलगी हवी होती. पोरीला मांडीवर घेतली की ती चिमणाबाईचं बोट मुठीत धरायची आणि सोडायची नाही. जुन्या इरकलीच्या काठाचं एक टोपडं चिमणाबाईनं तिच्यासाठी शिवलं होतं. शिवताना ती सरूच्या पोरीचं शिवते आहे हे मधूनच विसरायची.

कैऱ्या आल्या. गुळांब्याचा दिवस ठरला. आदल्या दिवशी दुपारी दोघी जावा मागल्या अंगणात बरण्या उन्हाला लावत होत्या, तेव्हा सरू म्हणाली,

“आक्का, उद्या गल्लीतल्या बायका येतीलच. उद्याच पोरीला तुमच्या ओटीत घालते.”

चिमणाबाईच्या हातातलं झाकण वाजलं. ज्या बाईची मुलं जगत नाहीत तिनं ज्या बाईची जगतात तिच्या ओटीत मूल घालायचं, मग ते तिचं होतं आणि वाचतं, ही रीत तिला ठाऊक होती. अशी ओटीत घातलेली मुलं जन्मदात्रीला काकी म्हणतात, मावशी म्हणतात.

“काय तरीच काय बोलतीस? पोरगी चांगली धडधाकट हाय की.”

“पहिलासुद्धा होता.”

“सरू, तुला आय म्हणायची न्हाय ती.”

“नाही म्हटलं तरी चालेल.” सरूनं बरणी उन्हाकडं फिरवली, आतला ओलावा गेला का ते वाकून बघितलं. आपला हात लागू नये म्हणून कडेला धरली होती, पदरानं. “समोर असली म्हणजे झालं. आत्याबाईंना विचारलंय मी, ह्यांनाही विचारलंय. माझ्या हाताचं तुम्हाला माहीतच आहे. तुम्ही तर तिथं होता.”

तुम्ही तर तिथं होता. चिमणाबाई उन्हात उभी राहिली. त्या घडीला सांगता आलं असतं. अंगणात दोघीच होत्या. “सरू,” ती म्हणालीही.

“काय, आक्का?”

आतून पोरगी रडली. चिमणाबाईचे पाय आपसूक घराकडं वळले. पाळण्यापाशी पोचेपर्यंत तिला कळलं, की जिभेवर आलेलं आपण गिळलं ते ह्या वेळी अण्णासाठी नव्हे. उद्या ही पोरगी आपली होणार, म्हणून गिळलं. पोरीनं बोट मुठीत धरलं. चिमणाबाईनं ते सोडवून घेतलं. इतक्या वर्षांत स्वतःची इतकी किळस तिला कधी आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी कैऱ्या शिजल्या, पाक झाला. गूळ ह्या वेळचा अस्सल होता. अण्णानं फोडून, चाखून, आत्याबाईंच्या हातावर ठेवून दिला होता. गुळांबा मोठ्या परातीत निवत पडला, मधाच्या रंगाचा. त्याआधी चुलीवर पाक ढवळताना फेस आला, तेव्हा चिमणाबाईला अण्णाचा आवाज ऐकू आला होता. तो विरेपर्यंत ती उलथनं धरून थांबली.

सोप्यात पाट मांडला होता. चिमणाबाई त्यावर बसली, पदर पसरला. आत्याबाईंनी ओटीत तांदूळ घातले, नारळ घातला. झुंबरबाईनं कुंकू लावलं.

“आता मुलगी झाली तुला, थोरले,” झुंबरबाई म्हणाली. “पेढं देनार का गुळांब्यावरच भागवनार?”

बाया हसल्या. सरू पोरीला घेऊन आली. पोरीच्या डोक्यावर ते इरकलीचं टोपडं होतं. सरू वाकली. हात ताठ, घट्ट, जसं काही निखारा उचलून आणलाय. पोरीला तिनं ओटीत ठेवलं. टोपड्याची गाठ मानेला रुतत होती ती बोटानं सैल करायला गेली आणि मध्येच हात मागं घेतला.

“आक्का, ही तुमची,” सरू म्हणाली. आवाज चांगला लागला होता, रात्रभर घोकल्यासारखा. “मी हिची काकी.”

पोरीचं ओझं पदरात उतरलं. उबदार, दुधाच्या वासाचं. आत्याबाईंनी डोळ्याला पदर लावला.

“ऊठ थोरले, देवाच्या पायावर घाल तिला. मग बरणी भरून घिऊ, गुळांबा निवलाय.”

“सरे, जरा मागं हो गं,” झुंबरबाई सहजच म्हणाली. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. “बरणीचं तोंड उघडं हाय.”

सरू मागं झाली. भिंतीला टेकली. दोन्ही हात पदराखाली गेले. पोरीनं आईकडं मान वळवली आणि ओठ काढले, आता रडणार असे.

चिमणाबाई उठली नाही. तिनं ओटीतला नारळ काढून बाजूला ठेवला.

“आत्याबाई, जरा थांबा. शालूच्या लग्नातल्या गुळांब्याचा गूळ माझ्या अण्णाचा हुता.”

“मग? केरबाचाच असतोय की दर साली.”

“त्या सालचा पुरात बुडालेल्या उसाचा हुता. अण्णा मला ह्याच दारात म्हणाला हुता, च्याला वापर, साठवणीत घालू नगंस. त्याच्यावर बोल लावू नगा, त्यानं सांगितलं हुतं. मी चाखला तवा खारट लागला. तरी घातला.”

“का पर?” आत्याबाईंनी विचारलं.

“तुमी चारचौघींत माझ्या माहेराला चांगलं म्हणाला हुता.”

झुंबरबाईच्या हातात कुंकवाचा करंडा तसाच उघडा राहिला. चिमणाबाई पाटावरून उठली. तांदूळ ओटीतून सांडले, पायाखाली आले. ती भिंतीपाशी गेली. पोरगी दोन्ही हातांवर पुढं धरून उभी राहिली, आणि सरूचे हात पदराबाहेर येईपर्यंत तशीच उभी राहिली.

“तू डाव भरलास त्याच्या आदीच ते नासलेलं हुतं,” ती म्हणाली. “तुझ्या हाताला काय बी न्हवतं, सरू. मला ठावं हुतं. पयल्या दिसापास्नं ठावं हुतं.”